खिडकी कुठल्या बेटावर?

मराठी माणूस अंदमानला जातो तेव्हा त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा खेळ, मग हॅवलॉक, जमलं तर नील, आणि परतीचं विमान. हॅवलॉकचं आता स्वराज द्वीप झालं आहे, नीलचं शहीद द्वीप, आणि सप्टेंबर 2024 पासून खुद्द पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम आहे. जुनी नावं तोंडात बसलेली आहेत, म्हणून इथेही ती तशीच ठेवतो. सांगायचं ते असं, की या साऱ्या सहलीत आपण एका जिल्ह्याच्या बाहेर पडत नाही. या केंद्रशासित प्रदेशाला जिल्हे तीन आहेत. दुसरा उत्तर व मध्य अंदमान. तिसरा निकोबार, आणि तिथे बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही.

लहानमोठे खडक धरून बेटं 836. कायमची वस्ती आहे ती 31 बेटांवर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या भरली 3 लाख 80 हजारांच्या घरात. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराइतकी ही माणसं उत्तर-दक्षिण साडेसातशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात विखुरलेली आहेत. मधे रस्ता नाही, पाणी आहे. अशा ठिकाणी रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं असेल, निराधार पेन्शन अडकली असेल, मुलाची शिष्यवृत्ती आली नसेल, तर माणसाने जायचं कुठे? योजनांची इथे वाण नाही. दिल्लीत जाहीर झालेली जवळजवळ प्रत्येक योजना केंद्रशासित प्रदेशात थेट लागू होते, शिवाय प्रशासनाच्या स्वतःच्या योजना वेगळ्या. अडचण असते ती खिडकी कुठल्या बेटावर आहे आणि तिकडे जाणारी बोट कधी आहे, याची.

ग्रेट निकोबारचं उदाहरण घेऊ, कारण तिथे आपलीही माणसं आहेत. देशाचं हे अगदी दक्षिणेचं टोक. पोर्ट ब्लेअरपासून पाचशे किलोमीटरहून दूर, आणि इंडोनेशियाच्या सुमात्रापासून मात्र दीडशे किलोमीटरच्या आसपास. 1969 पासून पुढची दहा-अकरा वर्षं सरकारने इथे माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबं नेऊन वसवली. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश, अशा निरनिराळ्या प्रांतांतून निवडलेली. जंगल तोडून जमीन दिली, रस्ता काढला, आणि त्या रस्त्याकडेला गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावं उभी राहिली. सीमेवर राबता हात आणि डोळस नजर असावी, हा हेतू. या कुटुंबांना कोणतीही सरकारी मदत ‘शोधावी’ लागली नव्हती. सरकारच त्यांना जहाजात बसवून घेऊन गेलं होतं.

आता त्यातल्याच एका घरातली विधवा आजी समजा. पती फौजेत होते, त्यांच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन चालू आहे. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी त्सुनामी आली. इंदिरा पॉइंटचं टोक चार मीटरहून अधिक खचलं, दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला, किनाऱ्यालगतची गावं वाहून गेली. घराबरोबर पत्र्याची ट्रंक गेली आणि ट्रंकेबरोबर डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, जमिनीचा कागद, मुलांचे जन्मदाखले. बाकी सगळं पुन्हा मिळवता येतं. कागद मिळवायचा तर आधी दुसरा कागद दाखवावा लागतो. पेन्शनच्या आदेशाची नक्कल मुख्य भूमीवरच्या रेकॉर्ड ऑफिसातून, माजी सैनिकांचा दवाखाना पोर्ट ब्लेअरला, तहसीलचा दाखला ग्रेट निकोबारवरच्याच कॅम्पबेल बेला, आणि जिल्हाधिकारी कार निकोबारला, म्हणजे पुन्हा अडीचशे किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडून. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा तो वेगळाच. आता तो अंगठ्यावर, यंत्रावर देता येतो म्हणतात. वय झालं की अंगठ्याच्या रेषा झिजतात, नारळ सोलून आणि कुदळ मारून त्या आधीच झिजलेल्या असतात.

“आजी, ऑनलाइन भरून टाका ना,” असं समोरचा पोरगा सहज म्हणतो. आजी म्हणणार, “अरे बाळा, भरते की. पण दाखवणार कोण?”

या ‘दाखवणाऱ्या’ माणसाचाच हा लेख आहे.

बेटावर सगळ्यात पहिली सार्वजनिक सेवा म्हणजे जहाज. बाकी सेवा त्याच्या पाठीवर बसून येतात. तांदूळ, गॅस, डिझेल, औषधं, शाळेची पुस्तकं, बदलून आलेला मास्तर, सगळं बोटीने. डिझेल आलं नाही तर वीज नाही, कारण बहुतेक बेटांवर वीज अजून डिझेलच्या यंत्रांवर चालते. प्रशासनाचं जहाजवाहतूक संचालनालय ही सारी वाहतूक चालवतं आणि द्वीपवासींना भाड्यात भरघोस सवलत देतं. त्यासाठी द्वीपवासी असल्याचं ओळखपत्र लागतं. साहजिकच तिथल्या संसारात या ओळखपत्राला आपल्याकडच्या सातबाऱ्याइतका मान आहे. ते हातात असलं की स्वस्त तिकीट, हेलिकॉप्टरचं कमी भाडं, आणि कितीतरी अर्जांना जोडायचा पहिला पुरावा.

पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीजवळ तिकिटांच्या खिडक्या आहेत. तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातातल्या पिशव्या बघाव्यात. प्लास्टिकच्या फाइलमध्ये आधारच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, बँकेचं पासबुक, दवाखान्याची चिठ्ठी. यातले निम्मे लोक कुणाला भेटायला चाललेले नसतात. कुठल्या तरी कार्यालयात चाललेले असतात किंवा तिथून परतत असतात. निकोबारची बोट दक्षिणेकडे निघाली की कार निकोबार, मग वेळापत्रकानुसार चौरा, तेरेसा, कच्छाल, कामोर्टा अशी बेटं घेत कॅम्पबेल बेला पोचायला दोन दिवस सहज जातात. मधे टेन डिग्री चॅनल. हा पट्टा पावसाळ्यात असा काही उसळतो की फेरीच रद्द होते. लहान बेटांपाशी समुद्र खवळला तर धक्क्याला लागणं मुश्कील, उतरू न शकलेला प्रवासी पुढच्या बेटावर. कार्यालयाच्या पाटीवर ‘कामाची वेळ 9 ते 5’ असं लिहिलेलं असतं. खरी वेळ बोटीची. बोट गुरुवारी संध्याकाळी लागली, शुक्रवारी सुट्टी, आणि शनिवारी तीच बोट परत निघणार असेल, तर अर्ज घेऊन आलेल्या माणसाने करायचं काय? एक तर कुणा नातेवाइकाकडे पुढच्या बोटीपर्यंत राहायचं किंवा काम टाकून परत फिरायचं. गरीब माणूस परत फिरतो. नोंदीत मात्र ‘अर्जदार उपस्थित नाही’.

आपल्याकडे अशा वेळी लोक काय करतात? आमदाराच्या कार्यालयात जातात. पीए फोन लावतो, तलाठ्याला दम देतो, काम होतं किंवा निदान हललं असं वाटतं. अंदमान-निकोबारला विधानसभाच नाही. एक नायब राज्यपाल आणि सगळ्या बेटांना मिळून लोकसभेत एकच खासदार. आमदार नावाचा मधला जिना या घराला नाही. अंदमानच्या गावांत पंचायती आहेत आणि तिथले प्रधान बऱ्यापैकी ही जागा भरून काढतात. निकोबारी गावांत पंचायत नाही, आदिवासी परिषद आहे, आणि प्रत्येक गावाला ‘कॅप्टन’ असतात. पहिला, दुसरा, तिसरा. जहाजं यायची त्या काळापासून चालत आलेली ही पदवी. सरकारी माणूस बेटावर उतरला की आधी कॅप्टनला भेटतो, आणि गावातल्या माणसाला काही हवं असेल तर तोही आधी कॅप्टनला सांगतो. कुणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कुणाचा मुलगा पोर्ट ब्लेअरच्या वसतिगृहात आहे, कुणाचं नाव यादीतून गळलं आहे, हे त्याला तोंडपाठ. कुठलीही संगणक प्रणाली याच्या पासंगाला पुरणार नाही.

ही माणसं बाजूला सारून मदत वाटली की काय होतं, ते निकोबारने त्सुनामीनंतर पाहिलं. हा भाग जरा सावकाश सांगायला हवा, कारण आपत्तीनंतरच्या मदतीबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यात तो फारसा येत नाही.

सरकारी आकड्यांनुसार या बेटांवर साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. सगळ्यात जास्त निकोबारमध्ये. निकोबारी समाजात घर म्हणजे नवरा-बायको-मुलं एवढंच नसतं. ‘तुहेत’ नावाचं मोठं एकत्र कुटुंब असतं. जमीन, नारळाच्या बागा, डुकरं सामाईक. कोण कुठली बाग धरेल, कोणाला किती मिळेल, हे तुहेतचे वडीलधारे ठरवतात. नुकसानभरपाईच्या अर्जात मात्र रकाना होता ‘कुटुंबप्रमुख’, आणि सरकारी अर्थाने कुटुंब म्हणजे छोटं कुटुंब. ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांची खाती उघडली गेली. पैसा एकेका जोडप्याच्या नावावर जमा झाला. पैसा थोडा नव्हता. मोटारसायकली आल्या, दूरदर्शन संच आले, दारू आली. एका तुहेतमध्ये कोण प्रमुख यावरून वाद झाले. पूर्वी जे वाटून घ्यायचं असायचं ते आता ज्याचं त्याचं झालं. या बेटांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या अभ्यासकांनी हे तपशीलवार नोंदवून ठेवलं आहे. मदत करणाऱ्याची नियत वाईट नव्हती. फॉर्म चुकीचा होता.

घरांचंही तेच. आधी पत्र्याचे तात्पुरते निवारे, विषुववृत्ताच्या जवळ, म्हणजे दुपारी आत बसवत नसे. मग साडेनऊ हजारांहून अधिक कायमची घरं, ज्यांचं बरंचसं साहित्य मुख्य भूमीवरून जहाजाने आणलं. निकोबारी माणूस पिढ्यान्‌पिढ्या लाकूड, वेत आणि गवत वापरून खांबांवर गोल घुमटाची घरं बांधत आला. भूकंपात हलतात पण सहसा पडत नाहीत, खालून वारा वाहतो. पुढाऱ्यांचं म्हणणं होतं की आम्हाला अवजारं द्या, घरं आम्ही उभी करू. ही मागणी बसेल असा मथळा कुठल्याच योजनेत नव्हता. अवजारांसाठी अर्ज कुठल्या खिडकीत करायचा?

स्वयंसेवी संस्थांचं काय, असं कुणी विचारेल. निकोबारमध्ये 1956 च्या आदिवासी संरक्षण विनियमामुळे बाहेरच्या माणसाला पास लागतो. नियम चांगला आहे, त्याच्यामुळेच ही माणसं आणि त्यांच्या जमिनी अजून शाबूत आहेत. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की आपल्याकडे जशी एखादी संस्था गावात तळ ठोकून लोकांचे अर्ज भरून देते तसं तिथे सहज घडत नाही. उरतं प्रशासन, परिषद आणि चर्च. कार निकोबारच्या जिल्हा रुग्णालयाला बिशप जॉन रिचर्डसन यांचं नाव आहे. निकोबारी घरात जन्मलेला हा माणूस, ज्याने नवा करार निकोबारीत आणला आणि जो 1952 मध्ये लोकसभेवर नेमला गेला. लोक आणि सरकार यांच्यामधला तोच पूल होता. एकट्या माणसावर उभा असलेला पूल माणसाबरोबर जातो, ही त्यातली अडचण.

दुसऱ्या टोकाचंही उदाहरण तिथेच आहे. लिटल अंदमानातले ओंगी, स्ट्रेट आयलंडवरचे ग्रेट अंदमानी यांना काहीच शोधावं लागत नाही. अंदमान आदिम जनजाती विकास समितीकडून रेशन, घरं, कपडे त्यांच्या दारात पोचतात. अर्ज नाही, रांग नाही. म्हणून ते सुखात आहेत असं म्हणायची माझी छाती होणार नाही. विचारल्याविना दिलेलं आणि विचारूनही न मिळालेलं, या दोहोंत माणसाचं म्हणणं ऐकलं जात नाही, हे समानच.

आजारपणात हे सगळं एकदम अंगावर येतं. सगळ्या बेटांचं मुख्य रुग्णालय एकच, पोर्ट ब्लेअरचं गोविंद बल्लभ पंत रुग्णालय. 2015 मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं. उपकेंद्रातून प्राथमिक केंद्र, तिथून पोर्ट ब्लेअर, आणि तिथेही जमलं नाही तर चेन्नई किंवा कोलकाता. गंभीर रुग्णासाठी हेलिकॉप्टर आहे, हवामान साथ देईल तर. बाहेर पाठवलेल्या रुग्णांच्या खर्चासाठी आरोग्य विमा आहे, आयुष्मान आहे, प्रशासनाची स्वतःची योजनाही आहे. पण रुग्ण चेन्नईच्या दवाखान्यात दाखल झाला की सोबतच्या माणसाला कळत नाही की कुठला शिक्का अंदमानातून आणायचा होता आणि कुठला इथे मिळणार. परत जाऊन आणायचा शिक्का म्हणजे जहाजाने जवळजवळ तीन दिवस जायला आणि तितकेच यायला. आपल्याकडे गडचिरोलीचा माणूस नागपूरला मेडिकलमध्ये हाच फेरा मारतो, पण त्याला निदान रात्रीची एसटी मिळते.

मग इंटरनेट आलं. 10 ऑगस्ट 2020 रोजी चेन्नईपासून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. सुमारे 2300 किलोमीटर, खर्च 1224 कोटी. त्याआधी सगळा कारभार उपग्रहाच्या बारीक धाग्यावर चालायचा. एखादा फॉर्म उघडायला चहा पिऊन यावं लागे. केबलने मोठा फरक पडला, यात वाद नाही. विद्यार्थ्यांना विचारा. पण केबल पोचली कुठे? पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, लाँग आयलंड, रंगत, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा, ग्रेट निकोबार. चौरा, तेरेसा, कच्छाल त्या यादीत नव्हती. एकतीस वस्तीच्या बेटांपैकी केबल लागली ती मोजक्यांना, आणि अर्ज ऑनलाइन झाले ते सगळ्यांसाठी.

हेल्पलाइनींचंही असंच. तातडीसाठी 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, ज्येष्ठांसाठी 14567, मोफत कायदा सल्ल्यासाठी 15100, मनाच्या आजारासाठी 14416. हे क्रमांक चांगले आहेत, वाचकांनी स्वतःपुरतेही टिपून ठेवावेत. पण आपला प्रश्न नेमका कुठल्या खात्याचा, हेच ज्याला उमगलेलं नाही त्याने यातला कुठला फिरवायचा? नवऱ्याने टाकलेली, दोन मुलं असलेली, रेशनकार्ड सासरच्या नावावर असलेली बाई महिला विभागाची, पुरवठा विभागाची की न्यायालयाची? अमेरिकेत 2000 मध्ये 211 हा क्रमांक एवढ्याच कामासाठी राखून ठेवला गेला: तुमची अडचण सांगा, कुठे जायचं ते आम्ही सांगतो. हवाईच्या बेटांवर अलोहा युनायटेड वे ही संस्था ती सेवा चालवते. अन्न, भाडं, पाळणाघर, व्यसनमुक्ती, काहीही विचारा, तुमच्या बेटावर काय आहे ते माणूस सांगतो. आपल्याकडे 2022 पासून ‘मायस्कीम’ हे सरकारी संकेतस्थळ वय, उत्पन्न, जात भरली की योजनांची यादी देतं. यादी बरी असते. ती तुमची योजना सांगते, तुमची बोट सांगत नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत बेटांना हसू नये. मुंबईच्या गेटवेसमोर तासाभराच्या अंतरावर घारापुरी आहे, जगभरचे लोक लेणी बघायला येतात, 1987 पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या तीन गावांना समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली फेब्रुवारी 2018 मध्ये. तालुक्याचं काम असलं की त्यांना आजही खाडी ओलांडून उरण. नर्मदेच्या बुडिताने नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतले पाडे पाण्याने वेढले गेले तेव्हा तिथे तरंगते दवाखाने सुरू करावे लागले. डॉक्टर बोटीतून पाड्यावर जातो. ती कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात पाण्याला अडथळा न धरता रस्ता धरलेलं आहे.

अंदमानात हीच गोष्ट करायला नवं काही शोधायला नको. प्रशासन स्वतःची वर्तमानपत्रं काढतं, इंग्रजीत ‘दि डेली टेलिग्राम्स’ आणि हिंदीत ‘द्वीप समाचार’. जहाजांच्या फेऱ्या, भरतीच्या जाहिराती, सरकारी सूचना सगळं त्यात. कुठली बोट कधी सुटणार हे लोक डोळ्यांत तेल घालून वाचतात. त्याच ओळीत छापा: या बोटीने पुरवठा निरीक्षक येत आहेत, बँकेचा माणूस येत आहे, येताना अमुक कागद आणा. महाराष्ट्रात 2023 मध्ये ‘शासन आपल्या दारी’चे मांडव पडले, एका छताखाली सगळी खाती बसली. त्या मांडवांत फोटोच जास्त निघाले, अशी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. पण बेटावर ही कल्पना खरोखर उपयोगाची आहे, कारण तिथे दार आणि शासन यांच्यामधे समुद्र आहे. बोटीतून फिरणारा, सगळ्या खात्यांचे फॉर्म जवळ असलेला, सही करायचा अधिकार असलेला एक माणूस दहा संकेतस्थळांपेक्षा जास्त कामं उरकेल, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एवढीच, की त्याने उतरल्यावर आधी कॅप्टनला किंवा प्रधानाला भेटावं, आणि ‘कुटुंब’ म्हणजे काय हे त्यांना विचारावं.

या साऱ्याला घाई आहे. ग्रेट निकोबारवर मोठं बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर उभारायच्या प्रकल्पाला नोव्हेंबर 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. आज त्या बेटावर जेमतेम आठ हजार लोक आहेत. आराखड्यात ही संख्या साडेतीन लाखांवर जाते. माजी सैनिकांच्या त्या कुटुंबांची जमीन, शोंपेन आणि निकोबारी आदिवासींची जंगलं, सगळं यात येतं. आधी दिलेलं संमतिपत्र तिथल्या आदिवासी परिषदेने त्याच महिन्यात मागे घेतलं. त्सुनामीनंतर कॅम्पबेल बेजवळच्या राजीवनगर आणि न्यू चिंगेनच्या वसाहतींत आणून ठेवलेले निकोबारी तेव्हापासून एकच मागत आले आहेत: आम्हाला आमच्या जुन्या गावी परत जाऊ द्या. त्या मागणीला वीस वर्षं उलटून गेली. ती अजून मान्य झालेली नाही.